साडेतेरा युनिटांतलं घर

घरगुती बॅटरीच्या जाहिरातींत एकच चित्र ठरलेलं असतं: अख्खी गल्ली काळोखात आणि एका घराच्या खिडक्या लख्ख. दिवे लावणं हे बॅटरीचं किरकोळ काम. टेक्ससच्या हिवाळी वादळात माणसाला हवी असते ऊब, आणि घरात उबेइतकी हावरी दुसरी कुठलीच गोष्ट नसते.

ऑस्टिनमध्ये राहणाऱ्यांना हे फेब्रुवारी २०२१ ने शिकवलं. टेक्ससचं वीजजाळं देशाच्या पूर्व आणि पश्चिम जाळ्यांपासून बऱ्यापैकी अलग आहे. शेजारून हवी तेवढी वीज उसनी घेता येत नाही. त्या थंडीत गॅसविहिरींची तोंडं गोठली, वीजकेंद्रं एकामागून एक बसली, आणि १५ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर जाळ्याची वारंवारता ६० हर्ट्झवरून घसरत ५९.४ च्या खाली गेली. तिथे ती चार मिनिटांहून जास्त रेंगाळली. नऊ मिनिटं झाली असती तर उरलेली केंद्रंही आपोआप सुटली असती आणि जवळपास सगळं राज्य अंधारात गेलं असतं. ते टाळण्यासाठी एका टप्प्यावर २०,००० मेगावॉट भार तोडला गेला. ‘आळीपाळीनं वीज जाईल’ असं सांगितलं होतं, पण रुग्णालयं असलेल्या वाहिन्या तोडता येईनात, त्यामुळे पाळी काही फिरलीच नाही. ज्यांची वीज गेली त्यांची गेलीच. राज्य सरकारचा अधिकृत मृत्यूंचा आकडा २४६ आहे आणि त्यातले सर्वाधिक मृत्यू थंडीनं शरीर गारठून झाले.

त्यानंतर आमच्या वस्तीत बॅटऱ्या दिसू लागल्या. आमचीही गॅरेजच्या भिंतीवर लागली. टेस्लाच्या पॉवरवॉल २ ची क्षमता १३.५ किलोवॅट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत साडेतेरा युनिट, आमची तेवढीच. महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात घरोघरी असायची ती १५० अँपिअर-तासांची, डिस्टिल्ड वॉटर पिणारी बॅटरी पावणेदोन युनिटांची. म्हणजे साताऱ्याच्या आमच्या घरातल्यासारख्या सातेक बॅटऱ्या इथे एका भिंतीवर टांगलेल्या. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग चार दिवस बघायला नको!” तिचा हिशेब दोन ट्यूब आणि दोन पंख्यांचा होता.

२०२३ च्या जानेवारीअखेरीस वादळ आलं ते बर्फाचं नव्हे, गोठत्या पावसाचं. तापमान शून्याच्या जेमतेम खाली, पण पडलेला प्रत्येक थेंब फांदीवर काच होऊन बसत होता. इथले लाइव्ह ओक हिवाळ्यातही पानं गाळत नाहीत, त्यामुळे बर्फाला बसायला जागाच जागा. रात्रभर फांद्या मोडण्याचे आवाज येत होते. त्या फांद्या तारांवर पडल्या आणि शहरातल्या एक लाख सत्तर हजारांच्या घरातल्या ग्राहकांची वीज गेली. या वेळी वीज मुबलक होती, तारा जमिनीवर होत्या. बॅटरीला दोन्ही सारखंच. हवामान खात्याचा इशारा येताच तिनं स्वतःला शंभर टक्के भरून घेतलं होतं. वीज गेली तशी खटक करून घर जाळ्यापासून तोडलं. दिवे क्षणभर फडफडले, एवढंच.

खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते माणसाचं असतं. आमचं तापवणं गॅसच्या फर्नेसवर. ऊब गॅस देतो, वीज लागते ती फक्त पंख्याला आणि ठिणगीला, पाच-सहाशे वॉट. निम्मा वेळ चालला तरी दिवसाला सातेक युनिट. फ्रिज दीड युनिट. दिवे, राउटर, फोन मिळून एखादं. इंडक्शनवर कुकर लावला की अर्धं युनिट. ड्रायरचं नाव काढायचं नाही. थर्मोस्टॅट अठरावर आणि अंगात स्वेटर. असं काटकसरीनं चालवलं तर साडेतेरा युनिट एक दिवस आणि वर थोडे तास पुरतात. फोनवरचा टक्केवारीचा आकडा पाहणं हा मग घरातल्या सगळ्यांचाच उद्योग होतो.

पलीकडच्या गल्लीतल्या नागपूरच्या वहिनींचं घर पूर्ण विजेवर. त्यांच्याकडे हीट पंप आहे. गारठा वाढला की तो कमी पडतो आणि आतल्या तापणाऱ्या पट्ट्या मदतीला येतात. त्यांची भूक दहा किलोवॅटची. आमच्यासारखी बॅटरी सलग पाच किलोवॅट देते, म्हणजे त्या पट्ट्या सुरू झाल्या की ती हात वर करते. दोन बॅटऱ्या लावल्या तर सत्तावीस युनिट तीन तासांच्या आत संपतात. एका घराला एका बॅटरीवर दिवसभर ऊब, दुसऱ्याला दोन बॅटऱ्यांवरही दुपारच्या जेवणापर्यंतच. वहिनी मुलांना घेऊन आमच्याकडे आल्या. बरोबर पिशवीभर चार्जर होते आणि फ्रीजरमधल्या पुरणपोळ्या.

थंडीत बॅटरीची आणखी एक अडचण असते. लिथियमची बॅटरी शून्याखाली वीज देते, पण घेताना अडते. जबरदस्तीनं भरली तर आत लिथियमचा धातूच साचतो आणि ती कायमची बिघडते. म्हणून ती आधी स्वतःला तापवते, स्वतःच्याच साठ्यातून. बाहेरच्या भिंतीवर बसवली तर हा कर जास्त भरावा लागतो. गॅरेजमध्ये कमी.

छतावरच्या सौर पॅनेलांवर तोवर बर्फाची काच होती आणि उत्पादन शून्य. ऊन पडलं, काच तुकड्यातुकड्यानं घसरली आणि बॅटरी भरू लागली. ती काठोकाठ भरली की जास्तीची वीज टाकायला जाळं नसतं. तेव्हा बॅटरी मुद्दाम घरातली वारंवारता ६० हर्ट्झच्या वर चढवते आणि ते ओळखून सौर इन्व्हर्टर थांबतात. आमच्या मायक्रोवेव्हचं घड्याळ त्या काळात पुढे पळालं. राज्याच्या जाळ्यात टंचाईनं वारंवारता पडली होती, आमच्या घरात सुकाळानं चढली. मला तरी हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

तारा जोडल्या जायला काही घरांना आठवडा लागला. तेवढा काळ नुसत्या बॅटरीवर कोणी काढू शकत नाही. ऊब गॅसची असली तरी बॅटरी पुन्हा भरायला ऊन लागतंच. विक्रेता हे आपणहून सांगेलच असं नाही, तेव्हा घेण्याआधी त्याला विचारा: माझं घर कशावर तापतं, आणि तापणाऱ्या पट्ट्या असतील तर त्यांचा ब्रेकर बॅटरीच्या बाजूला आहे की बाहेर? आणि बॅटरी असो वा नसो, गॅरेजमध्ये गाडी किंवा जनरेटर चालवून, घरात कोळशाची शेगडी पेटवून ऊब मिळवू नका. २०२१ मध्ये टेक्ससात तसं करणारी माणसं कार्बन मोनॉक्साइडनं मेली.