बिल हाय का?

मी आलोय चार्जर घ्यायला, पण थांबलोय. वर्ध्याच्या बजाज चौकाजवळ, जिन्याखाली मावेल एवढ्या या दुकानात काउंटरवर एक जाडजूड काळा डेल लॅटिट्यूड पडलाय. समोर देवळीकडचे बापलेक. मुलगी पॉलिटेक्निकला. वडील थेट जिनिंगवर कापूस टाकून आलेले, सदऱ्यावर अजून पांढरे तंतू.

"पंधरा हजाराचा घेतला जी, नागपूरहून, बर्डीतून. आठ दिवस चांगला चालला. भाच्यानं नवीन हार्ड डिस्क टाकून देली, तवापासून असा."

असा म्हणजे काळा पडदा आणि एक इंग्रजी ओळ. दुरुस्तीवाला विंडोजचा पेनड्राइव्ह लावतो. मशीन ढुंकून पाहत नाही. एफ-टू दाबून तो बायोसमध्ये शिरतो. यूएसबी बूटची खूण काढलेली, ओळ करडी. अनलॉकवर बोट ठेवताच पासवर्डची चौकट.

"कंपनीचा माल," तो म्हणतो. पुण्या-बंगळूरच्या कंपन्या काही वर्षं वापरून लॅपटॉपचे लॉटच्या लॉट विकून टाकतात. कर्मचाऱ्यानं पेनड्राइव्हवरून मशीन चालू करू नये म्हणून ठोकलेलं कुलूप काढायचं मात्र राहून जातं.

शेजारच्या मोबाइलवाल्याचा पोरगा डोकावतो. "सेल काढ ना भाऊ, दोन मिनिटाचं काम!"

दुरुस्तीवाला हसतो, पण मुलीला दिसावं म्हणून पाठ उघडतो. आधी बॅटरीची पिन सोडवतो, मग रुपयाएवढा सेल. चहा येतो, संपतो. पुन्हा चालू केल्यावर मशीन तारीख विसरलेलं आहे. पासवर्ड मात्र विसरलेलं नाही. पोरग्याची विद्या अगदीच खोटी नाही म्हणा. 1984 च्या आयबीएम पीसी-एटीत सगळी सेटिंगं सेलच्या जिवावरच टिकायची. कंपन्यांसाठी बनवलेल्या या लॅपटॉपांत पासवर्ड अशा चिपमध्ये असतो, जिला आठवण ठेवायला वीज लागत नाही.

"मंग काईच होत नाई?" मुलगी.

"होते. क्लिप लावून चिप वाचता येते, दुसरी फाइल मारता येते. पन आधी सांग, बिल हाय का?"

वडील पासबुकाच्या प्लास्टिकमधून घडी काढतात. कच्ची चिठ्ठी. 'लॅपटॉप 1 नग', रक्कम, एक गिचमिड सही. शिक्का नाही.

"यावर नंबर कुठं हाय, काका? उद्या कोणी विचारलं तं मी काय दाखवू?"

वडील चिठ्ठी उलटी करून पाहतात. मागची बाजू कोरी.

"म्हणजे चोरीचा हाय का हा?"

दुकानात पंख्याचाच आवाज. मोबाइलवाल्याचा पोरगा हळूच सटकतो.

"तसं नाई म्हनत ते, बाबा," मुलगी म्हणते, पण लॅपटॉपवरचा हात काढून घेते.

दुरुस्तीवाल्यालाही ते लागतं बहुतेक. तो स्टूल पुढे सरकवतो. मोबाइलचा आयएमईआय तपासायला सरकारी सीईआयआर आहे, लॅपटॉपाला तसं काही नाही. खुद्द बनवणारी कंपनीही कुलूप उघडायला मालकीचा पुरावा मागते. तो हे सगळं एकदा सांगतो, मग पुन्हा एकदा, जरा हळू.

"जुनी डिस्क कुठं हाय?"

मुलगी दप्तरातून रुमालाची पुरचुंडी काढते. च्युइंग गमच्या कांडीएवढी एसएसडी. ती खाचेत बसते, एक स्क्रू आवळला जातो. वर्तुळ फिरतं आणि विंडोज उघडतं, जणू काही झालंच नव्हतं.

"आता अभ्यास कर. नवीन डिस्क मंग पाहू. काका, बर्डीवाल्याले फोन लावा. पक्कं बिल, त्याच्यावर सर्व्हिस टॅग. कुलूपही त्यानंच काढून द्यावं. किती जनाचं करून राहिला असंन तो!" मग माझ्याकडे वळून, "तुमाले काय, चार्जर ना? दोन मिनिट."

वडिलांनी फोन लावलाय. मुलगी लॅपटॉप उलटा करून दुकानातलं भिंग स्टिकरवर धरते आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचते. वडील ते फोनमध्ये तसंच्या तसं म्हणतात. चौथ्यापाशी थांबतात.

"पाच हाय का एस? नीट पाय बाई."