सहावी कोण?

रॅपर नावाच्या तलवारनृत्याला पाच जणी लागतात. चारच आल्या तर नाच होत नाही. लेझीमच्या पथकात एखादी आली नाही तर रांग जरा सरकवून घेता येते, बघणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. इथे ती सोय नाही. प्रत्येकीच्या एका हातात स्वतःच्या तलवारीची मूठ आणि दुसऱ्या हातात शेजारणीच्या तलवारीचं टोक असतं, आणि या साखळीतूनच सगळा नाच उभा राहतो.

मी इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसलच्या परिसरात राहते आणि तिथल्या बायकांच्या एका हौशी रॅपर मंडळात नाचते. यंदाच्या वार्षिक सभेत आम्ही एकच विषय घेतला: दहा वर्षांनी हे मंडळ असेल का? असावं असं वाटत असेल, तर आत्तापासून काय करायला हवं? सभा रात्री उशिरापर्यंत चालली. त्या चर्चेत जे निघालं ते आमच्यापुरतं नाही, कुठल्याही लहान हौशी कलामंडळाला ते लागू पडेल, म्हणून लिहिते आहे.

आधी नाच. (गाण्यातल्या रॅपशी त्याचा काही संबंध नाही.) यातली तलवार म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर लांबीची स्प्रिंग स्टीलची लवचीक पट्टी. तिला धार नाही, अणी नाही. दोन्ही टोकांना मुठी असतात, त्यातली एक पक्की आणि दुसरी फिरती. पट्टी कमानीसारखी वाकते, त्यामुळे पाच जणी एकमेकींना अगदी खेटून, हात न सोडता एकमेकींच्या हाताखालून, पट्ट्यांवरून, पाठीमागून फिरू शकतात. संगीत जिगचं, म्हणजे सहा मात्रांचं आणि भलतंच वेगवान. सोबतीला एखादं फिडल किंवा अ‍ॅकॉर्डियन पुरतं. पायांत कडक तळव्याचे बूट, कारण मधूनमधून जागच्या जागी पायांनी ताल वाजवायचा असतो. पाच-सात मिनिटांत खेळ आटोपतो. त्यात पाचही पट्ट्या एकमेकींत गुंफून पाच टोकांची चांदणी तयार होते आणि पहिल्या जागेवरची नर्तकी ती एका हाताने डोक्यावर उचलून धरते. पट्ट्या कशाने बांधलेल्या नसतात, नुसत्या एकमेकींच्या ताणावर टिकतात. हे दृश्य कितीदाही पाहिलं तरी अंगावर रोमांच उभे राहतात.

या पाच जणींखेरीज दोन पात्रं असतात, टॉमी आणि बेटी. टॉमी विदूषकासारखा, आणि बेटी म्हणजे परंपरेने बाईच्या वेशातला पुरुष. प्रेक्षकांना मागे सरकवणं, नर्तकांची ओळख करून देणं, टोपी फिरवून पैसे गोळा करणं आणि कुणाची पट्टी निसटली तर लोकांचं लक्ष दुसरीकडे वळवणं, ही त्यांची कामं.

हा नाच नॉर्थम्बरलँड आणि डरहॅम या दोन परगण्यांतल्या कोळसाखाणींच्या गावांचा. नाताळ आणि नववर्षाच्या दिवसांत खाणकामगारांच्या टोळ्या गावोगावी नाचून चार पैसे मिळवायच्या. आजही काही मंडळं ‘हॉगर्स’ घालतात, म्हणजे खाणीत घालायच्या आखूड विजारी. दक्षिणेला यॉर्कशरमध्ये याचाच भाऊबंद म्हणावा असा दुसरा प्रकार आहे, लाँगस्वर्ड. त्यात सहा किंवा आठ नर्तक, न वाकणाऱ्या लांब तलवारी आणि संथ चाल. शेफील्डजवळच्या ग्रेनोसाइड आणि हँड्सवर्थ इथली मंडळं २६ डिसेंबरला नाचतात. ग्रेनोसाइडमध्ये केसाळ टोपी घातलेल्या कप्तानाच्या गळ्याभोवती तलवारींचं कडं आवळतात आणि टोपी उडवून त्याचा खोटा शिरच्छेद करतात.

लोकगीतांचा संग्राहक सेसिल शार्पने १९११ ते १९१३ या काळात उत्तर इंग्लंडच्या तलवारनृत्यांवर तीन भागांचं पुस्तक काढलं. पहिल्याच भागात स्वॉलवेल आणि अर्सडन या दोन गावांचे रॅपर नाच आहेत. अर्सडनचे खाणकामगार १९०६ मध्ये अ‍ॅनिक इथल्या किल्ल्यात राजा सातव्या एडवर्डसमोर नाचले होते, तेव्हापासून त्यांच्या नावाआधी ‘रॉयल’ लागलं. शार्प पोचला नसता तर यातलं बरंच काही आज उरलं नसतं. त्याच्या कामाबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. पण नाच कागदावर उतरला म्हणजे तो जगला, असं होत नाही. पुढच्या काळात कितीतरी गावांचे नाच कागदावर शाबूत राहिले आणि गावातून गेले. पहिल्या महायुद्धाने तरुण नेले, मग एकेक करून खाणी बंद झाल्या. डरहॅमच्या कोळसापट्ट्यातली शेवटची खाण, सन्डरलंडची मंकवेअरमाउथ, १९९३ मध्ये थांबली. तिच्या जागेवर आता फुटबॉलचं स्टेडियम आहे. नॉर्थम्बरलँडमधली एलिंग्टन २००५ मध्ये बंद झाली. टिकलेल्यांपैकी एक म्हणजे हाय स्पेनचं ‘ब्लू डायमंड्स’. ते १९२६ साली, म्हणजे खाणकामगारांच्या ऐतिहासिक संपाच्या वर्षी सुरू झालं आणि एका पिढीने दुसरीला शिकवत चालू राहिलं.

बायकांची गोष्ट वेगळ्या वाटेने येते. १८४२ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये बायकांना जमिनीखालच्या कामाची बंदी झाली. खाण पुरुषांची, म्हणून खाणीचा नाचही पुरुषांचा, असं समीकरण पक्कं होत गेलं. पण लोकनृत्याच्या पुनरुज्जीवनाकडे पाहिलं तर तिथे बायका पहिल्यापासून आहेत. लंडनमध्ये मेरी नील यांच्या एस्परन्स क्लबातल्या कष्टकरी मुली १९०५ पासून मॉरिस, म्हणजे रुमाल, काठ्या आणि घुंगरांचा इंग्रजी लोकनाच, शिकत होत्या आणि पुढे इतरांना शिकवायला देशभर फिरत होत्या. १९११ मध्ये शार्पच्या पुढाकाराने इंग्लिश फोक डान्स सोसायटी स्थापन झाली. तिच्या पुरुष नर्तकांच्या पहिल्या प्रात्यक्षिक चमूतले चौघे १९१६ मध्ये युद्धात मारले गेले, त्यांत संगीतकार जॉर्ज बटरवर्थही होता. त्या वर्षांत संस्थेचे वर्ग चालू ठेवले ते मुख्यतः बायकांनी. डेझी डेकिंग ही शिक्षिका तर फ्रान्समध्ये जाऊन सैनिकांना लोकनृत्यं शिकवत होती.

एवढं होऊनही १९३४ मध्ये मॉरिस आणि तलवारनृत्य करणाऱ्या मंडळांची ‘मॉरिस रिंग’ ही शिखर संघटना झाली ती फक्त पुरुषांसाठी. ज्यांनी युद्धकाळात वर्ग सांभाळले त्यांच्या वारसदारांना दार बंद. मला या इतिहासाचा आजही राग येतो. १९७५ मध्ये बायकांनी स्वतःची ‘विमेन्स मॉरिस फेडरेशन’ काढली. तिने नंतर मिश्र मंडळांनाही सामावून घेतलं आणि नावातून ‘विमेन्स’ शब्द गळला. आज बायकांची रॅपर मंडळं न्यूकॅसलपासून लंडनपर्यंत आहेत, अमेरिकेतही आहेत. अलीकडे रिंगनेही आपले नियम सैल केले.

तर आता मंडळ टिकवायचं कसं?

बायकांच्या हौशी मंडळाची गळती कुठून होते ते पाहू. विद्यापीठातल्या मुली उत्साहाने येतात, नाच अंगात मुरतो तोवर पदवी संपते आणि नोकरीसाठी गाव सुटतं. तिशीच्या आसपास बाळंतपणं. नंतर मूल सांभाळायला संध्याकाळी घरी कोण, हा प्रश्न. चाळिशीपुढे गुडघे, कारण पबच्या फरशीवर कडक बुटांनी आपटायचं म्हणजे थट्टा नाही. यातलं काहीच अचानक येत नाही. सगळं दिसत असतं, तरी एकेक जण गेली की आम्ही दर वेळी नव्याने हबकतो. बहुतेक मंडळं भांडणाने मोडत नाहीत. पाचवी जाते, सहावी तयार नसते, सराव ‘या महिन्यापुरता’ थांबतो आणि तो महिना संपतच नाही.

म्हणून आमच्या सभेतला पहिला ठराव असा: प्रत्येकीने स्वतःची जागा सोडून आणखी एक जागा शिकायची. रॅपरमध्ये जागांना एक ते पाच आकडे असतात. वर्षानुवर्षं तीनवर नाचणाऱ्या बाईला चारवर उभं केलं की ती पहिल्या मिनिटात हरवते, कारण तिची स्मृती डोक्यात नसून खांद्यात आणि मनगटात असते. तिला सगळं उलट्या बाजूने घडताना दिसतं. हे काम कंटाळवाणं आहे, सरावाची संध्याकाळ फुकट गेल्यासारखी वाटते, आणि तरीही याहून मोलाचं दुसरं काही मला सुचत नाही. पाच जणींना दोन-दोन जागा येत असतील आणि वर दोन शिकाऊ असतील, तर कुणाचं बाळंतपण किंवा बदली हे संकट राहत नाही.

दुसरी गोष्ट शिकवण्याची. नवी मुलगी आली की तिची पहिली चूक ठरलेली: ती मूठ घट्ट आवळते. भीती वाटते, हातात स्टील आहे, वेग आहे, म्हणून पकड आपोआप आवळली जाते. मग फिरती मूठ फिरत नाही, पट्टी पिळवटते आणि तिच्या एकटीच्या पकडीमुळे अख्खं कडं अडतं. तिला ‘सैल धर’ असं सांगून उपयोग होत नाही. आमच्यातली सगळ्यांत अनुभवी शिक्षिका तिच्या मागे उभी राहते, तिच्या कमरेवर हात ठेवते आणि संगीताशिवाय, चालत्या पावलांनी तिला सबंध आकृतीतून फिरवते. पुन्हा, आणि पुन्हा. केव्हातरी अंगठा आपोआप सुटतो. हे व्हिडिओतून शिकता येत नाही. मोबाइलवर चित्रित केलेल्या नाचात समोरच्या दोघींची पाठ दिसते आणि ऐन महत्त्वाची हातांची अदलाबदल त्यांच्याआड होते. त्यामुळे आम्ही प्रत्येक जागेची स्वतंत्र वही करायला घेतली आहे: पाचपैकी त्या एकीने कुठल्या ठेक्याला काय करायचं, एवढंच त्यात. पण वही ही आठवणीसाठी. शिकवणारी बाई तयार करणं हे निराळं काम आहे, आणि ते एकीवर सोडून चालत नाही. ती आजारी पडली तर मंडळाची शाळाच बंद पडेल.

पदांचंही तेच. मॉरिसच्या मंडळांत जुनी पदं असतात: स्क्वायर म्हणजे म्होरक्या, बॅगमन म्हणजे चिटणीस, फोरमन म्हणजे नाच शिकवणारा. आम्हीही तीच नावं वापरतो. बॅगमनकडे विमा, पबवाल्यांशी बोलणी, जत्रा-महोत्सवांची आमंत्रणं आणि हिशोब असतो. सार्वजनिक ठिकाणी नाचायचं तर विमा हवाच. फेडरेशनच्या सभासदत्वात तो मिळतो, ही लहान मंडळांना फार मोठी सोय आहे. ही पदं दोन वर्षांनी बदलायची, आणि जुनीने नवीला एक हंगाम सोबत घ्यायचं, असं ठरलं.

ज्या नाचातून निवृत्त होतात त्यांचं काय? यावर सभेत सगळ्यांत सुंदर चर्चा झाली. गुडघे गेले म्हणून बाई मंडळाबाहेर जायची गरज नाही. टॉमी आणि बेटी ही पात्रं आहेत, आणि ती करायला वय आणि जीभ दोन्ही पिकलेली असणं चांगलंच. वाद्यं आहेत. शिवाय मंडळाने लाँगस्वर्डचा एखादा संथ नाच बसवावा, अशी सूचना आली. त्याला सहा किंवा आठ जणी लागतात, साठीची बाईही तो आनंदाने नाचू शकते, आणि नव्या शिकाऊ मुलीला कडं न सोडता फिरण्याची सवय त्यातूनच लागते. माझं मत पूर्णपणे या सूचनेच्या बाजूने पडलं.

स्पर्धेवर मतभेद झाले. दर वर्षी वेगवेगळ्या शहरात ‘डर्ट’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी रॅपर स्पर्धा होते. ती रंगमंचावर नाही, पबमध्ये होते: परीक्षक पबमध्ये बसतात आणि मंडळं एका पबमधून दुसऱ्यात जात नाचतात. पावलं, तलवारींची हाताळणी, पात्रं, संगीत यांना गुण असतात आणि नाचाने खोली किती पेटली यालाही. बायकांना वेगळी मोजपट्टी नाही, हे मला फार आवडतं. काही जणींना दर वर्षी जिंकण्याच्या ईर्षेनेच तयारी करायची होती. माझा विरोध स्पर्धेला नव्हता. स्पर्धेच्या वर्षी सर्वांत चांगल्या पाच जणीच हिवाळाभर नाचतात आणि शिकाऊ मुली भिंतीशी उभ्या राहतात, त्याला होता. शेवटी एक वर्षाआड जायचं ठरलं, आणि मधल्या वर्षी नव्या मुलींना घेऊन नाचायचं.

मिश्र मंडळ व्हावं का, हा प्रश्नही आला. पुरुष घेतले तर पाचवा-सहावा सहज मिळेल, हे खरं. करोनाच्या काळात दोन मीटर अंतराचा नियम आणि ६० सेंटिमीटरची तलवार यांचा मेळ बसेना, सगळ्यांचेच सराव थांबले, आणि नंतर माणसं जमवताना अनेक मंडळांची दमछाक झाली. तरीही आम्ही बायकांचंच मंडळ राहायचं ठरवलं. बायका-बायकांमध्ये नवखी मुलगी चुकायला घाबरत नाही, असं तिथे बहुतेक सगळ्यांनी आपापल्या अनुभवातून सांगितलं. मात्र जवळच्या पुरुष मंडळाबरोबर महिन्यातून एकदा एकत्र सराव करायचा, अडीनडीला त्यांनी आमच्यात आणि आम्ही त्यांच्यात उभं राहायचं, एवढा दरवाजा उघडा ठेवला.

सप्टेंबरात विद्यापीठ उघडतं, तेव्हा नवशिक्यांसाठी चार संध्याकाळींची मोफत शिकवणी घ्यायची आहे. पट्ट्यांचा एक जुना संच त्यासाठी तेल लावून, मुठींची चिकटपट्टी बदलून तयार ठेवला आहे. मुलांना सोबत आणलं तरी चालेल असं पत्रकात ठळक छापणार आहोत, आणि त्या चार संध्याकाळी मुलांकडे कोण बघणार याच्या पाळ्या सभेतच लावून टाकल्या.