बचत खात्याचा व्याजदर पाहताय? आधी तारीख पाहा, मग शाखा, मग टक्का

नाशिक : उन्हाळ कांद्याची पट्टी झाली, द्राक्षाचा व्यापारी चेक देऊन गेला, की पैसा दोन-तीन महिने बचत खात्यात पडून राहतो. खरिपाची बी-खते, मजुरी, छाटणी, शाळेची फी निघेपर्यंत तो तिथेच असतो. मग पारावर चर्चा होते, कुठल्या बँकेत जास्त व्याज पडतं? प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर फलकावरच्या टक्क्यात सापडत नाही.

आधी टक्केच पाहू. २५ ऑक्टोबर २०११ पर्यंत बचत खात्याचा दर रिझर्व्ह बँक ठरवायची, त्यामुळे कुठेही गेलं तरी व्याज सारखंच. त्या दिवसापासून दर ठरवायची मोकळीक बँकांना मिळाली. अट एकच, एक लाखापर्यंतच्या शिलकीवर बँकेने सगळ्यांना सारखा दर द्यायचा. त्यापुढच्या रकमेला वेगळा दर चालतो. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला आणि बँकांनी बचतीचे दरही खाली ओढले. स्टेट बँकेने १५ जून २०२५ पासून सरसकट २.५० टक्के केला. एचडीएफसी आणि आयसीआयसीआय या खासगी बँकाही त्याच महिन्यात २.५० वर आल्या. म्हणजे तालुक्याच्या मेन रोडवर ज्या मोठ्या बँकांच्या पाट्या दिसतात, त्यांच्यात साध्या खातेदारासाठी फरक जवळपास उरलेला नाही. स्मॉल फायनान्स बँका जास्त दर सांगतात. पण तो बहुतेक वेळा मोठ्या शिलकीच्या टप्प्याला असतो, पहिल्या लाखाला नाही. फलकावरचा मोठा आकडा कोणत्या रकमेपासून लागू आहे, हे तिथेच विचारावं.

या सगळ्यात पोस्टाचं बचत खातं ४ टक्क्यांवर कायम आहे. दीडपट व्याज! मग पोस्टातच का नको? इथे तारखेचा खेळ आहे.

बँकेत १ एप्रिल २०१० पासून व्याज रोजच्या शिलकीवर मोजतात. पैसा जितके दिवस राहिला तितक्या दिवसांचं व्याज, आणि ते निदान तीन महिन्यांनी खात्यात पडतं. पोस्टात तसं नाही. तिथे महिन्याच्या १० तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज. शिल्लक ५०० च्या खाली गेली तर काहीच नाही. आणि व्याज जमा होतं वर्षाअखेर.

हिशोब करून पाहू. निफाडच्या एका शेतकऱ्याचे कांद्याचे ३ लाख १२ एप्रिलला जमा झाले आणि ८ जूनला खरिपासाठी सगळे काढले, असं धरू. बँकेत २.५० टक्क्यांनी ५७ दिवसांचे सुमारे १,१७१ रुपये होतात. पोस्टात एप्रिल गेला, कारण १० तारखेला खातं रिकामं होतं. जून गेला, कारण महिना संपायच्या आत पैसा निघाला. राहिला फक्त मे, त्याचे १,००० रुपये. चार टक्के देणाऱ्या खात्यात अडीच टक्क्यांपेक्षा कमी पडले. आता तोच पैसा ८ एप्रिलला आला असता तर? पोस्टात एप्रिल आणि मे मिळून २,००० आणि बँकेत साधारण १,२५३. चार दिवसांच्या फरकाने पारडं फिरलं. लिलाव आपल्या हातात नसतो, पण पोस्टात पैसा १० तारखेपर्यंत टाकणं आणि काढायचा तर महिना उलटल्यावर काढणं, एवढं बहुतेकांना जमू शकतं.

व्याजापेक्षा जास्त पैसा किमान शिलकीच्या दंडात जातो, याकडे फार कमी लोक पाहतात. स्टेट बँकेने हा दंड मार्च २०२० मध्ये बंद केला. कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा यांनीही २०२५ च्या जून-जुलैत साध्या बचत खात्याला सूट दिली. खासगी बँकांत मात्र अट असते आणि ती शाखा कुठे आहे त्यावर ठरते. आयसीआयसीआयने ऑगस्ट २०२५ मध्ये शहरातल्या नव्या खात्यांना सरासरी शिलकीची अट ५० हजारांवर नेली होती. ओरड झाल्यावर काही दिवसांतच ती शहरात १५ हजार, निमशहरी भागात साडेसात हजार आणि ग्रामीण भागात अडीच हजार केली. दिंडोरीच्या माणसाने नाशिकला कामाला गेला म्हणून कॉलेज रोडच्या शाखेत खातं उघडलं, तर अट शहराची लागते. माणूस खेड्यातला असला तरी खातं शहरातलं. खातं उघडतानाच शाखा कोणत्या वर्गात मोडते ते विचारून घ्यावं. दंड लावायच्या आधी कळवणं बँकेला बंधनकारक आहे आणि निव्वळ या दंडापायी खातं उणे करता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ज्यांच्या खात्यात शिल्लक राहतच नाही, त्यांना शून्य शिलकीचं मूलभूत बचत खातं मागता येतं.

आता पीककर्ज. बचत खात्यात दोन लाख आणि शेजारच्या पानावर दोन लाखांचं पीककर्ज थकायला आलेलं, हे चित्र गावोगावी आहे. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा दर ७ टक्के. मुदतीत भरलं तर केंद्राची ३ टक्के सवलत मिळते, शिवाय राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना. दोन लाखांवर तीन टक्के म्हणजे वर्षाला ६,००० रुपये झाले. तेवढेच दोन लाख दोन महिने बचतीत ठेवून आठशे-साडेआठशे मिळतात. भाव चढेल, मग भरू, म्हणून मुदत चुकली तर सवलत गेली. कर्जाची शेवटची तारीख पासबुकावर लिहून घेणं हे कुठल्याही व्याजदरापेक्षा फायद्याचं आहे.

जास्त व्याजाचा दुसरा पत्ता म्हणजे पतसंस्था. पतसंस्थेच्या नावापुढे काहीही असो, तिच्या ठेवीला डीआयसीजीसीचं विमा संरक्षण नाही. राष्ट्रीयीकृत, खासगी, नागरी सहकारी आणि जिल्हा बँकेतल्या ठेवीला ते आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा ५ लाख, तीही एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून. त्याआधी ती फक्त एक लाख होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला हजार रुपयेच काढू दिले होते. नाशिककरांना हे दुरून ऐकायची गरज नाही. नोटाबंदीनंतर १४ नोव्हेंबर २०१६ ला जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. पुढच्या वर्षी नाशिक जिल्हा बँकेत रोकडीची टंचाई आली आणि शेतकरी-शिक्षकांना स्वतःचाच पैसा वेळेत मिळेना. त्या दिवसांत खात्याला किती टक्के व्याज आहे, हे कोणी विचारत नव्हतं.

करायचं काय? मोठी रक्कम एकाच बँकेत पाच लाखांच्या वर ठेवू नये. तीन महिने लागणार नाही असा पैसा ठेवीत टाकावा किंवा ऑटो स्वीप मागावा, म्हणजे ठरलेल्या शिलकीवरचा पैसा आपोआप ठेवीत जातो आणि गरज पडली की परत येतो. मुदतीआधी मोडल्यास काय कापतात, ते मात्र आधी विचारा. आयकराचं म्हणाल तर बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस कापत नाहीत, ठेवीच्या व्याजावर मर्यादेपुढे कापतात.

आणि घरातल्या बाईच्या नावाचं, अनुदानापुरतं उघडलेलं खातं असेल तर त्यात वर्षातून एकदा तरी व्यवहार करा. दोन वर्षं व्यवहार नसला तर बँक ते निष्क्रिय करते. व्याज पडत राहतं, पण पैसा काढायला पुन्हा केवायसी लागतं. दहा वर्षं झाली की पैसा रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातो. तो परत मिळतो, पण अर्ज करून. आधी शोधायचा तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येतं.