गोळी विरघळते, गुठळी नाही

छातीत कळ आली की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवा, ब्लॉकेज विरघळतं! हा निरोप थंडी पडली की मोबाइलवर पुन्हा फिरू लागतो. पुढे पाठवणाऱ्यांत शिकलेलीच मंडळी जास्त. अहो, विरघळते ती फक्त गोळी. ब्लॉकेज म्हणजे धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं साचलेली चरबी, तंतू, कॅल्शियम. हृदयविकाराच्या झटक्यात बहुतेक वेळा त्यावर रक्ताची गुठळी बसते. यातल्या कशालाच ही गोळी हात लावत नाही.

मग कळ थांबते कशी? गोळीतून शरीरात नायट्रिक ऑक्साइड सुटतो. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर एरवी स्वतःच हा वायू बनवतं. तो शेजारच्या स्नायूपेशींत शिरला की सीजीएमपी नावाचं रसायन वाढतं, पेशीतलं कॅल्शियम उतरतं आणि स्नायू सैलावतो. यातला अस्तराचा हात उघड झाला तो असा: शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर ॲसिटिलकोलीन टाकलं, तेव्हा त्या सैल पडल्या. अस्तर घासून काढल्यावर मात्र त्याच रसायनाने उलट आकसल्या. 1980 साली ‘नेचर’मध्ये हे छापून आलं, आणि 1998चं नोबेल त्यांना इग्नारो व मुराद यांच्यासोबत मिळालं. गंमत म्हणजे डायनामाइटमधलं नायट्रोग्लिसरीनही सॉर्बिट्रेटच्याच नायट्रेट कुळातलं, आणि खुद्द आल्फ्रेड नोबेलना डॉक्टरांनी तेच लिहून दिलं होतं.

या गोळीने सर्वाधिक सैलावतात त्या शिरा. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, हृदयाचा भार हलका होतो. अंजायनाला, म्हणजे श्रमाने येणाऱ्या छातीच्या कळेला, म्हणूनच ती उत्तम. पण झटक्यात ‘आता बरं वाटतंय’ म्हणत माणूस आडवा होतो, आणि गुठळी तिथेच! आयसिस-4 या 1995च्या चाचणीत 58 हजारांवर रुग्ण होते; नायट्रेटने मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. ॲस्पिरिनने ते घटतात, हे 1988च्या आयसिस-2ने दाखवलं होतं. गुठळीला इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टीच हवी, म्हणून आधी रुग्णवाहिकेसाठी 108 फिरवा. शेजाऱ्याची गोळी उसनी घेऊ नका: रक्तदाब आधीच उतरलेला असेल किंवा नुकतीच व्हायग्रा घेतलेली असेल, तर तो कोसळतो.

बाकी गैरसमज किरकोळ. नायट्रिक ऑक्साइड म्हणजे लाफिंग गॅस नव्हे. लाफिंग गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड. ॲड्रेनलिनने सगळ्याच रक्तवाहिन्या आकसत नाहीत. पळताना पायांच्या स्नायूंतल्या उलट रुंदावतात. आणि थंडीत ब्रँडीने ऊब येते म्हणणाऱ्यांनो, त्वचेतल्या वाहिन्या फुलल्याने अंगातली उष्णता बाहेर जाते.