कितींपैकी किती?



आकड्यांशी माझी ओळख शाळेत झाली नाही. ती कारखान्याच्या दारात झाली. एका वर्षी मालक म्हणाले, "गेल्या साली आठ अपघात, यंदा पाचच. मग तक्रार कसली?" आम्ही हजेरीपट काढला. गेल्या साली कामगार ४०० होते, यंदा २००. म्हणजे दरहजारी २० अपघातांचे २५ झाले होते! कितींपैकी किती, हे विचारल्यावाचून आकडा खरे बोलत नाही.

हाच प्रश्न जन्ममरणाला लावणे म्हणजे आरोग्याचे संख्याशास्त्र. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत कुमुदिनीबाई दांडेकर यांनी हे काम केले. वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी लिहिलेली पुणे जिल्ह्यातील जननमान व मृत्युमानाची पाहणी १९५३ साली ग्रंथरूपाने निघाली. आपले जुन्नर-आंबेगाव याच जिल्ह्यातले.

कोणी म्हणेल, सरकारी दप्तर असताना पाहणी कशाला? पण मूल घरी जन्मले, आठ दिवसांत गेले आणि कोणी नोंदच केली नाही, तर दप्तराच्या लेखी ते आले नाही आणि गेलेही नाही. ज्या वाडीत नोंद कमी, तीच कागदावर निरोगी ठरते! म्हणून आईलाच विचारावे लागते : मुले किती झाली, किती राहिली, गेली ती कितव्या महिन्यात? हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत जितकी मुले दगावतात, तो बालमृत्युदर.

१९७५ साली कुमुदिनीबाईंनी आणखी एक प्रश्न मांडला : भारतात स्त्रियांचे प्रमाण का घटते आहे? १९०१ च्या शिरगणतीत हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या; १९७१ मध्ये ९३० उरल्या. स्त्रिया मोजणीतून सुटतात, मुलगे अधिक जन्मतात, की स्त्रिया अधिक मरतात? प्रत्येक शक्यता तपासावी लागते. कारण उपाय कारणावरच अवलंबून. मोजणी चुकली असेल तर शिरगणती सुधारावी. स्त्रिया मरत असतील तर त्यांचे अन्न, औषध आणि बाळंतपण पाहावे.

पुढे १९८३ साली रोजगार हमीवरील त्यांचा अभ्यास निघाला. स्त्रियांना मिळालेली रोजगाराची संधी हाच त्याचा विषय. खडी फोडणारी बाईही त्यांच्या हिशेबात होती.

आपल्या हाती काय? १९६९ च्या कायद्याने जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची आहे. तान्हे मूल गेले तरी दोन्ही नोंदी करा. जे मोजले गेले नाही, त्याचा जाब कोणालाच विचारता येत नाही.