अक्षरी रुपयांचे फंक्शन: एका वर्कबुकातून दुसऱ्यात

थायलंडच्या बाहतची रक्कम अक्षरी लिहून देणारे फंक्शन एक्सेलमध्ये तयार मिळते, 'बाहटटेक्स्ट'. रुपयांसाठी तसे काही नाही. 'अक्षरी रुपये' लिहिल्याशिवाय आपल्याकडे पावती पुरी वाटत नाही, म्हणून ते फंक्शन ज्याने त्याने स्वतःच लिहिले. मीही लिहिले.

१९९३ मध्ये एक्सेल ५ बरोबर व्हीबीए ही प्रोग्रॅमिंगची भाषा आली आणि फंक्शन लिहिणे सोपे झाले. मात्र ते ज्या वर्कबुकात लिहिले तिथेच नुसत्या नावाने चालायचे. मराठीची अडचण आणखी वेगळी. एकपासून नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द, आणि व्हीबीएच्या एडिटरमध्ये देवनागरी टाकली की प्रश्नचिन्हे उमटतात. मग शब्दांची यादी शीटवर ठेवली आणि फंक्शनने ती तिथून वाचायची. मॉड्यूल दुसऱ्या वर्कबुकात ओढून नेले की यादी मागेच राहायची. पर्सनल वर्कबुकात ठेवावे, तर प्रत्येक सूत्राआधी त्या फाइलचे नाव लिहिणे आले.

यातून सोडवले ॲड-इनने, म्हणजे एक्सेलला जोडून ठेवायच्या वेगळ्या फाइलीने. यादी त्याच्याच पोटात लपलेली, फंक्शन कुठल्याही वर्कबुकातून नुसत्या नावाने हाक मारण्याजोगे. माझ्या मते तीस वर्षांतला हाच सर्वांत भक्कम उपाय. पण फाइल सहकाऱ्याच्या संगणकावर उघडली की सूत्राला माझ्या फोल्डरचा अख्खा पत्ता चिकटलेला दिसायचा आणि रकमेच्या जागी 'नेम'ची एरर. मार्चअखेरीच्या गर्दीत असे पत्ते काढण्यात माझे तासन् तास गेले आहेत.

डिसेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने 'लॅम्डा' जाहीर केले. आता फंक्शन सूत्रातच लिहून त्याला नाव देता येते, आणि सूत्रात देवनागरी बिनतक्रार चालते. ते वापरलेले शीट दुसऱ्या वर्कबुकात कॉपी केले की नावही सोबत जाते. २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो, म्हणजे व्हीबीएतला कोड, आपोआप अडवले जाऊ लागले, तेव्हा मॅक्रोशिवाय चालणारी ही सोय फार मोलाची ठरली. त्याच वर्षी गूगल शीट्समध्येही नावाची फंक्शने आली, दुसऱ्या फाइलीतून आयात करता येणारी.

एक गोष्ट मात्र या नव्या वाटांनी गमावली. ॲड-इन सामायिक फोल्डरमध्ये एकच असले, तर एकदा केलेली दुरुस्ती सगळ्यांना मिळे. लॅम्डाची प्रत जाते आणि मूळ फंक्शनशी तिचे नाते तिथेच तुटते. माझ्या पहिल्या फंक्शनमध्ये पैसे पूर्णांकात आणताना चूक होती: ९९.९९६ ही रक्कम 'नव्याण्णव रुपये शंभर पैसे' अशी यायची. मी ती सुधारली, तोवर जुन्या प्रती कितीतरी वर्कबुकांत पोचल्या होत्या.

तुमच्याकडे असे फंक्शन असेल, तर पुढे कुणाला देण्याआधी त्यात हीच रक्कम घालून पाहा. उत्तर 'शंभर रुपये' आले पाहिजे.