माडी भाड्यानें देण्यापूर्वीं

शब्द हाच कागद असें मानणारी एक पिढी आपल्या घराघरांतून होऊन गेली. आमचे काका त्याच पिढीचे. २००१ सालीं वाड्याच्या माडीवरील दोन खोल्या त्यांनीं एका गृहस्थांस तोंडी बोलीवर दिल्या. पुढें काका वारले, आणि बोली काय होती हें सांगणारा आमच्या बाजूस कोणी उरला नाहीं. खोल्या परत मागितल्या तेव्हां, "मुदत अशी कांहीं ठरलीच नव्हती," असें ते गृहस्थ शांतपणें म्हणाले. ते खोटें बोलले असें आजही माझ्यानें म्हणवत नाहीं; त्यांची आठवण निराळी होती, इतकेंच.

अशा वेळीं कायदा कोणाची आठवण खरी मानतो? महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला. त्याचें ५५ वें कलम प्रत्येक घरमालकानें एकदां तरी वाचावें. करार लेखी व नोंदलेला हवा, आणि नोंदविण्याची जबाबदारी मालकाची. ती टाळल्यास मालक दंडास, प्रसंगीं कैदेसही पात्र होतो; शिवाय अटींविषयीं भाडेकरू म्हणेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलें जातें. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाहीं, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे. महाराष्ट्रांत ती चुकीची आहे. खर्चाचीही सबब नको. 'लीव्ह अँड लायसन्स' करारास मुद्रांकशुल्क शेंकडा पाव रुपया, म्हणजे जुन्या हिशेबानें चार आणे! हिशेबांत एकूण भाडें व अनामतीवरील दरसाल दहा टक्के व्याज धरतात. नोंदणी तर आतां घरबसल्या संगणकावरही होते.

१९७३ सालच्या दुरुस्तीनें त्या वर्षाच्या १ फेब्रुवारीस परवान्यावर राहत असलेल्यांस भाडेकरूचा दर्जा मिळाला, त्या धास्तीनें कित्येकांनीं घरें कुलुपांत ठेवलीं. आज परिस्थिति तशी नाहीं. राहत्या घराच्या परवान्याची मुदत संपूनही कोणी जागा न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातां येतें, व तेवढ्या काळाची भरपाई दुप्पट दरानें मागतां येते.

एकत्र कुटुंबांत मात्र आधीं घरांतच विचारावें. वाटणी न झालेल्या वाड्यांत एका भावानें परस्पर करार करूं नये. सर्व सहमालकांची लेखी संमति घ्यावी. भाडेकरूशीं रोज गांठ पडते ती घरांतील स्त्रियांची, तेव्हां त्यांचें मत तर प्रथम घ्यावें. अनामत रक्कम ही आपली मिळकत नव्हे. ती निराळ्या खात्यांत ठेवावी, मुलीच्या लग्नास काढूं नये. (आमच्याकडे एकदां काढली होती, त्याविषयीं अधिक न लिहिलेलें बरें.) आयकराच्या हिशेबांत आपण भरलेला घरपट्टीचा कर वजा जाऊन उरलेल्या भाड्यांतून तीस टक्के सूट मिळते, मग डागडुजीस कांहींही लागो.

आमची माडी सात वर्षांनीं, वकिलांचीं देणीं फेडून, तडजोडीनें मोकळी झाली. पुन्हां ती दिली तेव्हां काकूंनीं चष्मा लावून करार शब्दन् शब्द वाचला, आणि झोपाळ्याच्या चार पितळी कड्याही त्यांत नोंदवावयास लावल्या.